जरा दुधाकडे बघा

"अहो, जरा दुधाकडे बघा हं."

आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. एवढ्या काळात बायकोनं माझ्यावर विश्वासानं बरंच काही सोपवलं. पोर सोपवली, घराचे हप्ते सोपवले, स्वतःच्या माहेरची भांडणंसुद्धा मिटवायला दिली. दूध मात्र तिनं दर वेळी 'देवा, आता तूच बघ' अशा चेहऱ्यानं दिलं. आणि तिचं काही चुकलं असंही म्हणता येत नाही.

या वाक्यातला 'जरा' मोठा फसवा आहे. जरा म्हणजे किती, ते कुणी सांगत नाही. 'बघा'चंही तेच. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात मी सांगितल्याबरहुकूम बघत उभा होतो. दूध तळाशी होतं ते वर आलं, काठाशी आलं, काठावरून ओट्यावर, ओट्यावरून माझ्या पायावर आलं. बायको धावत आली आणि ओरडली, "अहो, बघत काय बसलात?" मी म्हणालो, "तूच बघा म्हणालीस." त्यानंतर घरात दोन दिवस शांतता होती. नव्या संसारात एवढी शांतता चांगली नसते, हे मला तेव्हा कळलं.

आम्ही वाईत राहतो. विश्वकोश या गावात तयार होतो. १९७६ साली पहिला खंड आला तेव्हापासून वडिलांनी एकेक खंड हौसेनं घेतला. अ पासून ज्ञ पर्यंत जगातलं सगळं ज्ञान आमच्या कपाटात आहे, पण पातेल्यातलं दूध नेमकं कधी वर येणार, हे त्या कपाटाला विचारून कधी कळलेलं नाही. आमच्या कुत्र्यानं पिल्लूपणी त्यातल्याच एका खंडाचा पुठ्ठा आणि पहिली काही पानं खाल्ली. वडील म्हणाले, "हा खंडग्रास झाला." तेव्हापासून कुत्र्याचं नाव खंड्या. ज्ञान पोटात गेलं असलं तरी त्याचा परिणाम वागण्यात दिसत नाही.

बोक्याचं नाव सरपंच. दिवसभर आळीत फिरतो, प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर बसून चौकशी करतो, काम कुणाचंच करत नाही आणि जेवायला मात्र घरी असतो. मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, असं लेकीनं मोबाईलवर वाचून सांगितलंय. सरपंचाच्या वाचनात ते अजून आलेलं नाही.

लेक पुण्यात अन्नप्रक्रियेचं शिकते. तिनं मला दूध उतू जाण्यामागचं शास्त्र समजावलं. दूध तापलं की प्रथिनं आणि स्निग्धांश वर येऊन साय धरते. खाली वाफ होत राहते, पण साय तिला वाट देत नाही. मग ती वाफ अख्खी सायच उचलून बाहेर निघते. पाण्याला साय धरत नाही, म्हणून ते नुसतं उकळत राहतं. मला हे फार पटलं. ती शांतपणे समजावत होती, मी मान डोलवत होतो आणि आमच्या मागे चहाचं दूध उतू जात होतं.

उपाय सगळे करून झाले. पातेल्यावर आडवा लाकडी डाव ठेवला. तळाशी बशी पालथी घातली. ती खडखडते आणि माणूस सावध होतो म्हणे. मी तिच्या तालावर पेपर वाचत राहिलो. शिट्टीचं भांडं आणलं, ते वाजतंय म्हणून मी कुकर बंद केला.

पण माझी मुख्य तक्रार निराळी आहे. दुधाला माणसं कळतात. बारा वर्षांपूर्वी आम्ही मागच्या दोन खोल्या बांधल्या. वास्तुशांतीला नव्या शेगडीवर दूध उतू घालवायचं असतं, ते शुभ. बायको म्हणाली, "हे तुम्हीच करा, तुमचा हात बसलाय." मी सोवळं नेसून उभा राहिलो. शेगडीभोवती गुरुजी, आई, दोन काका, मेहुणा, शेजारच्या काकू, झाडून सगळे. मोठं पसरट पातेलं, तळाला वाटीभर दूध. दहा मिनिटं झाली. दूध नुसतं तिथल्या तिथे रटरटत होतं. वीस मिनिटं झाली. गुरुजींना पुढं मेणवलीला जायचं होतं, ते घड्याळ बघायला लागले. मेहुणा माझ्या कानाशी म्हणाला, "एरवी तर तुमचं चांगलं जातं की हो." शेवटी आई वैतागली. "सगळे पाठ फिरवा बघू!" आम्ही चौदा माणसं भिंतीकडे तोंड करून उभी राहिलो. मागे चर्र झालं. गुरुजी म्हणाले, "शुभं भवतु," आणि चपला शोधायला लागले.

त्या दिवशी माझा सिद्धांत पक्का झाला. बघणाऱ्याची नजर हलली की दूध जातं, आणि सगळे बघत असले की जात नाही. या सिद्धांताला एकच अपवाद आहे. तो परवाच्या कोजागरीला कळला.

आश्विन आला की आमच्या गावाचं तंत्र बिघडतं. दुपारी ऊन असं की गच्चीवर घातलेल्या गाद्यांना हात लावला तर चटका बसावा, आणि पहाटे नदीकडून असा गारवा की त्याच गादीत शिरावंसं वाटावं. घरात डब्यात तांदळात खुपसलेली सीताफळं असतात. ती रोज कुणी ना कुणी दाबून बघतं, त्यामुळे पिकण्याआधीच खचतात. दसऱ्याचा झेंडू दारावर वाळून गेलेला असतो आणि तो काढायचं काम कुणाचं, यावर घरात एकमत नसतं. सर्दी, पित्त, डोकेदुखी सगळ्यांना. 'वैद्यानां शारदी माता' असं आई म्हणते, म्हणजे शरद ऋतू ही वैद्यांची आई. तिच्या मते यावर औषध एकच, चांदण्यात ठेवलेलं दूध. त्यानं पित्त शमतं. माझं पित्त त्या दुधानंच खवळतं, हे मी तिला सांगू शकत नाही.

एरवी आम्ही दीड लिटर दूध घेतो, कोजागरीला आठ. गवळ्यानं सकाळी गाडीवरूनच सांगितलं, "आज एकदम प्युअर आहे बरं का, आजी." आई म्हणाली, "मग रोज काय असतं रे?" त्यानं घाईघाईनं किक मारली.

संध्याकाळी गच्चीवर छोटा सिलेंडर, शेगडी आणि घरातलं सगळ्यात मोठं पातेलं गेलं. बदाम, पिस्ते, चारोळी, वेलची, केशर आणि वर किसलेलं जायफळ. जायफळाचं मला दर वर्षी नवल वाटतं. रात्रभर जागायचा सण, आणि त्यात झोप आणणारं जायफळ घालायचं हे कुणी ठरवलं असेल? ज्यानं ठरवलं त्याच्याकडे पाहुणे जास्त येत असावेत.

आता आश्विनीचं सांगायला हवं. कोजागरीला घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळतात. मी थोरला. वय वर्षं चोपन्न, गुडघे कुरकुरतात, तरी एकोणऐंशी वर्षांची आई मला दर वर्षी रांगोळीतल्या पाटावर बसवते, टिळा लावते, ओवाळते आणि हातात नवा रुमाल ठेवते. धाकटा भाऊ पुण्याहून मुद्दाम येतो आणि दर वर्षी विचारतो, "आणि मला?" आई दर वर्षी सांगते, "तू दूध पी."

परवाही बायको खाली भेळेची तयारी करायला गेली आणि जाताना ते वाक्य बोलून गेली. मी म्हणालो, "बघतो." शेगडीशी खुर्ची घेऊन बसलो. डावानं तळापासून ढवळत होतो. कडेची साय सोडवून आत ढकलत होतो. पाऊण तासात बोटभर आटलं. रंग पिवळसर झाला, केशराच्या काड्यांभोवती नारिंगी वर्तुळं उमटली. खंड्या शेगडीच्या उबेला पाय ताणून झोपला होता. अर्धा तास कुणी मला काही विचारलं नाही, की काही सांगितलं नाही. खरं सांगतो, इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

तेवढ्यात चंद्र वर आला आणि आई म्हणाली, "चल, पाटावर बस. मुहूर्त टळेल."

"आई, दूध..."

"बारीक कर गॅस आणि बस."

मी गॅस बारीक केला. निदान बटण फिरवलं. त्या शेगडीचं बटण कुठल्या बाजूला बारीक होतं, यावर नंतर बरीच चर्चा झाली.

मी पाटावर पूर्वेकडे तोंड करून बसलो. समोर आई, तिच्या हातात ताम्हण. तिच्या मागे भाऊ, वहिनी, लेक, काकू, आळीतली पोरं, सगळी माझ्याकडे बघत. आणि त्या सगळ्यांच्या मागे शेगडी. म्हणजे गच्चीवरच्या वीस माणसांची पाठ दुधाकडे होती आणि दुधाकडे बघणारा एकटा मी होतो.

आईनं कुंकू लावलं, अक्षता लावल्या. तिच्या खांद्यावरून मला पातेलं दिसत होतं. आधी कडेकडेनं बारीक बुडबुड्यांची माळ उमटली. मग मधली साय किंचित हलली, तिला सुरकुत्या पडल्या, आणि मग त्या सुरकुत्या एकेक करून निघून गेल्या. तव्यावरची पोळी टम्म फुगावी तशी साय मधून उचलली गेली.

"आई, दूध!"

"ओवाळताना बोलू नये."

सुपारी आणि अंगठी माझ्या चेहऱ्याभोवती सावकाश फिरत होती. कठड्यावर सरपंच बसला होता. त्यानं एकदा दुधाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आमची नजरानजर झाली. त्याच्या डोळ्यांत घाई अजिबात नव्हती.

मी सिद्धांतावर विसंबून दुधावरची नजर ढळू दिली नाही. डोळे फाडून बघत राहिलो. दूध माझ्या डोळ्यांत डोळे घालून वर आलं. माझी नजर दूध नजरेत धरतच नाही, हा तो अपवाद.

"आई, उठू दे गं!"

"पाटावरून उठायचं नाही. आयुष्य कमी होतं."

आयुष्य दोन्हीकडून कमी होणारच होतं. फस्स आवाज आला, गॅस विझला, केशर-वेलचीचा दरवळ सगळ्या आळीभर गेला. खंड्या दचकून उठला आणि आपण कुठे झोपलो होतो ते लक्षात आल्यावर आपल्या नशिबावर त्याचा विश्वास बसेना. सरपंच सावकाश उतरला आणि दुसऱ्या टोकानं चाटायला लागला. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे हे दोघं त्या क्षणी सख्ख्या भावांसारखे दिसत होते. माझा सख्खा भाऊ हसून हसून कठड्याला टेकला होता.

बायको भेळेची परात घेऊन वर आली. तिनं शेगडी पाहिली, मला पाहिलं. मी कपाळभर कुंकू, डोक्यावर अक्षता आणि हातात रुमाल घेऊन पाटावर बसलेलो. ती एवढंच म्हणाली, "औक्षवंत व्हा."

तरी २०२३ पेक्षा हे बरं. त्या वर्षी २८ ऑक्टोबरला कोजागरी होती आणि नेमकं त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण. दुपारपासून वेध. प्यायचं की नाही, यावर आई आणि काकूंमध्ये दोन पंचांगं घेऊन वाद झाला. त्या वर्षी दूध मी इतकं सुंदर आटवलं होतं, थेंब सांडला नव्हता, आणि प्यायलं कुणीच नाही. त्या रात्रीचं कौतुक मला आजपर्यंत कुणी केलेलं नाही.

दीडेक लिटर गेलं असेल. उरलेलं पुरलं. बारा वाजता दुधात चंद्र पाहिला, पेले भरले. काकूंनी भेंड्या सुरू केल्या. एक वाजता जायफळानं आपलं काम केलं. 'ण' आला आणि त्यावर कुणीच भांडलं नाही, तेव्हाच मी ओळखलं. पोरं सतरंजीवर आडवी झाली, मोठी माणसं एकेक करत खाली गेली. सकाळी आळीत प्रसाद म्हणून द्यायला आईनं एक पातेली बाजूला काढली होती. ती चांदण्यात राहायला हवी होती. जिन्याच्या तोंडाशी बायको वळली.

"अहो, जरा..."

"बघतो."

पातेलीवर जाळी होती, जाळीवर दगड, शेजारी मी. डांबरगोळ्यांच्या वासाचा स्वेटर घालून खुर्चीत बसलो. लांब पसरणी घाटात गाड्यांचे दिवे एकेक करून वर सरकत होते. नदीवरून गार वारा येत होता. आज रात्री लक्ष्मी 'को जागर्ति?' विचारत फिरते, कोण जागं आहे म्हणून. आमच्या आळीत मी होतो आणि कठड्यावर सरपंच. लक्ष्मी आलीच तर पैसाअडका काही मागायचा नाही, असं मी ठरवून ठेवलं होतं. फक्त म्हणायचं, पाच मिनिटं दुधाकडे बघ, मी जरा खाली जाऊन येतो.

जाग आली तेव्हा फटफटलं होतं. दगड जागेवर होता. जाळी मात्र जराशी सरकलेली होती आणि पातेलीतल्या दुधावर सायीचा मागमूस नव्हता. सरपंच रात्रीच्या पाटावर, विस्कटलेल्या रांगोळीच्या मधोमध झोपला होता. त्याच्या मिशीला एक केशराची काडी होती.

खाली गवळ्यानं हॉर्न वाजवला. मी जिना उतरून गेलो. त्यानं माझ्या कपाळावरच्या कुंकवाकडे पाहिलं, मग वर गच्चीकडे पाहिलं.

"दादा, नेहमीचं दीड देऊ, का सांडलवंड धरून दोन?"

"दोन दे," मी म्हणालो.