कान माझा, वैद्य बाजारभर

शनिवारी सकाळी दादरच्या फुलबाजारात जाऊन मी रुईचं एक पान मागितलं. आईचा हुकूम होता: पिकलं पान तूप लावून तव्यावर शेकायचं आणि रस कानात पिळायचा. उजव्या कानात रात्रभर ठणका असला की माणूस काहीही ऐकतो.

"पान नाय, माळ हाय. आज शनवार," मावशी म्हणाल्या.

"एकच पान हवंय."

"एका पानानं मारुतीचं काय व्हतंय?"

"मारुतीला नको. कानाला."

इथे शेजारचे सफारीतले काका वळले. हातात नारळ, तेलाची बाटली. आणि उभे नेमके माझ्या उजव्या बाजूला.

"दुखतोय का?"

"काय?"

"दुखतोय का?"

"काय?"

"बहिरा आहे हो बिचारा!" त्यांनी बाजाराला कळवलं. मग डावीकडे येऊन, आवाज मात्र तोच ठेवून, "पू येतो? वास?"

झेंडूचं वजन करून घेणाऱ्या दोन बायका माझ्यापासून सरकल्या. पाटीवाल्याने पाटी न उतरवता लसूण तेलात कढवायला सांगितला. मावशींचं मत झेंडूच्या पाल्याच्या रसाला, पण पाला त्या विकत नव्हत्या.

"कांद्याचा रस!" काकांनी निकाल दिला. "आमच्या मेव्हण्याचा कान एका रात्रीत बरा."

"पूर्ण बरा?"

"दुखायचा थांबला. ऐकू येत नाही, ते वेगळं."

एवढ्यावर भागलं नाही. त्यांनी मारुतीच्या तेलाचं बूच दातांनी उघडलं. "तिळाचं आहे. मान वाकडी करा. देवाचं तेल, अपाय नाही." आणि खरोखर माझी पाळी धरली. दुखऱ्या कानाची! शाळा सुटल्यापासून माझा कान कोणी धरला नव्हता. मी ओरडलो, तर म्हणतात, "बघा, किती दुखतोय!"

अख्खी माळ विकत घेऊन पळालो. घासाघीस करायलाही थांबलो नाही.

आता राग कशाचा, तर पडदा शाबूत आहे का, हे एकानेही विचारलं नाही. पडदा धड असेल तर वरून ओतलेला रस मधल्या कानात पोचतच नाही; भोक असेल तर नको तिथे पोचतो. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते, लसणाने कातडी भाजते. नाही म्हणायला इस्रायलमध्ये कान दुखणाऱ्या 103 मुलांवर झालेला एक प्रयोग 2001 साली छापून आला होता. लसूण आणि इतर वनस्पतींचे तयार थेंब, विरुद्ध बधिर करणारे थेंब. आराम दोन्हीकडे जवळपास सारखाच. पण ते थेंब औषध म्हणून बनवलेले होते, मारुतीच्या बाटलीतले नव्हते. आजीची ओव्याची पुरचुंडी त्यातल्या त्यात सभ्य. बाहेरून शेकते, आत डोकावत नाही.

कानाच्या डॉक्टरांनी आत पाहून पहिला प्रश्न केला, "तेल घालता का?" आई आंघोळीआधी घालते, हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. बुरशी निघाली. पावसाळी दमटपणा आणि तेल, तिला आणखी काय हवं? कान साफ केला, थेंब दिले, फी घेतली. फीचा आकडा लिहीत नाही, ठणका परत सुरू होईल.

वर सांगितलं, कान अगदी कोरडा ठेवा. जुलैत. मुंबईत.