पेट्रोल धुवायचं नसतं, मामा

रविवारी सकाळी सातला कसबा बावड्यात मामांच्या घरी गेलो, तर परसात बंब धडाडून पेटलेला आणि त्याच्यापासून दहा पावलांवर मामा पाच लिटरचा पांढरा कॅन खळखळवत बसलेले. कॅनमध्ये पेट्रोल, त्यात दोन तांबे पाणी. "गाडी सुरू होईना, इथेनॉल काढायलोय," म्हणाले. मी आधी कॅन हातातून घेतला, झाकण लावून गेटबाहेर नेऊन ठेवला आणि मगच बोललो. हात थरथरत होते माझे.

हे सगळं एका मेसेजमुळं. आमच्या घरच्या ग्रुपवर तो तिघांनी टाकलाय, उद्यमनगरात गॅरेजवरही दोघांनी दाखवला. त्यात लिहिलंय असं: पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून जुन्या गाड्या थंडीत सुरू होत नाहीत, कारण इथेनॉल गारठ्यानं गोठतं. ते उसाचं असल्यामुळं इंजिनात साखर साचते. पंपवाले इथेनॉलच्या नावाखाली पाणीच विकतात, बाटलीत तपासून बघा. महिन्याभरात इंजिन जातं, विमाही मिळत नाही. आणि उपाय काय, तर घरी पेट्रोलमध्ये पाणी घालून हलवा, इथेनॉल खाली बसेल, वरचं 'शुद्ध' पेट्रोल टाकीत ओता.

उपायापासूनच सुरुवात करतो, कारण यात माणूस जाईल. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते, आणि उणे ४० अंशांच्या आसपासच्या थंडीतही पेट घेण्याइतकी तयार होते. कॅन हलवला की वाफ आणखी सुटते. आपल्याकडं थंडीत घरोघरी सकाळी बंब, चूल, नाहीतर गॅसचा गिझर चालू असतो, आणि गाडी सुरू होत नाही तीही सकाळीच. म्हणजे हा उद्योग माणसं नेमकी जाळ पेटलेला असतानाच करणार. मेसेज लिहिणाऱ्यानं याचा एका ओळीनं विचार केलेला नाही.

बरं, आग लागली नाही असं धरू. मग हातात काय आलं? आज इथेनॉल मिसळायच्या आधीचं पेट्रोल हे इथेनॉल मिसळणार हे धरूनच बनवलेलं असतं. पेट्रोलियम मंत्रालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेला आकडा बघा: इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे इंजिनात ठोके न पडू देण्याची ताकद, सुमारे १०८.५, मूळ पेट्रोलचा ८४.४. दोन्ही मिळून ई-२० चा, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा, ऑक्टेन ९५ होतो. इथेनॉल धुऊन काढलंत की पेट्रोल ८४ कडं घसरलं. पन्हाळ्याच्या चढाला गाडी ठोके मारायला लागेल, तेव्हा दोष पुन्हा इथेनॉललाच देणार. शिवाय धुतलेल्या पेट्रोलात पाण्याचे बारीक थेंब राहतात, ते कार्बोरेटरच्या, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, तळाशी जाऊन बसतात. जे काढायला निघालात, तेच स्वतःच्या हातानं आत घातलंत.

बाटलीच्या तपासणीचंही तेच. इथेनॉल पाण्यात विरघळतं. बाटलीत पाणी घातलं की इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं, म्हणून खालचा थर घातलेल्या पाण्यापेक्षा जाड दिसतो. तो वाढीव थर इथेनॉलचा. पंपवाल्यानं पाणी घातल्याचा तो पुरावा नव्हे.

आता साखर. हे तरी कोल्हापूरच्या माणसानं पुढं पाठवायला नको होतं. जिल्ह्यात इतके कारखाने, कित्येकांच्या शेजारी डिस्टिलरी, घरातलं कुणी ना कुणी तिथं कामाला. रस किंवा मळी आंबवताना यीस्ट साखर खाऊन टाकतं, तिचं अल्कोहोल होतं, तेच इथेनॉल. मग ते उकळून फक्त वाफ घेतात आणि ती थंड करतात. गुऱ्हाळात कढईवरच्या पत्र्याला वाफेचं पाणी धरतं, गूळ धरत नाही. तसंच हे. शेवटी उरलेलं पाणीही काढतात, कारण पेट्रोलमध्ये घालायच्या इथेनॉलची शुद्धता किमान ९९.६ टक्के लागते. आणि ते सगळं उसाचंही नसतं, मक्याचं आणि तांदळाचंही असतं.

इथेनॉल गोठतं उणे ११४ अंशांना. कोल्हापुरात कडाक्याची थंडी म्हणजे बारा-तेरा अंश. यावर आणखी काय लिहू?

विम्याची आणि महिन्याभरात इंजिन जाण्याची भीती निराधार आहे. मंत्रालयाच्या त्याच ऑगस्टमधल्या खुलाशांत ई-२० मुळं विमा जात नाही हे स्पष्ट लिहिलंय, आणि ई-२० थंड इंजिन सुरू करण्याच्या चाचणीत उतरल्याचंही.

पण मामांची गाडी सुरू होत नव्हती, हे खरं. आणि इथं मला थोडं मान्य करावं लागतं. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते. नुसत्या अल्कोहोलवर चालणाऱ्या गाड्यांना ब्राझीलमध्ये थंडीत सुरू होण्यासाठी पेट्रोलची वेगळी छोटी टाकी द्यावी लागायची. ई-२० मध्ये ८० टक्के पेट्रोलच असतं, त्यामुळं तेवढी अडचण येत नाही, पण मामांची गाडी १९९६ ची, कार्बोरेटरवाली. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर बघून पेट्रोल वाढवलं जातं. कार्बोरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, ठरलेलं माप सोडतं. एक किलो पेट्रोल जळायला १४.७ किलो हवा लागते, ई-२० ला सुमारे १३.५. म्हणजे त्याच जेटवर मिश्रणात हवा जास्त होते. त्यामुळं हवा कमी करणारा चोक थोडा जास्त वेळ ओढून धरावा लागतो.

मायलेजचंही खरं आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के इथेनॉलला जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज ६ ते ७ टक्के घटेल असं छापलंय. जुन्या गाडीवाल्याला बहुतेक पंपांवर दुसरा पर्याय नाही आणि दरही कमी नाही, हा राग मलाही आहे. पण त्यासाठी खोटं पसरवायची गरज नाही.

मामांच्या गाडीचं दुखणं मेस्त्रींनी अर्ध्या तासात काढलं. टाकीकडून येणारा रबरी पाइप बोटांत वाकवला, तर क्लिपजवळ बारीक चिरा उघडल्या आणि बोटाला काळं लागलं. तिथून हवा ओढली जात होती आणि रात्रभरात पेट्रोल मागं टाकीत उतरत होतं. फिल्टर उलटा झटकला तर तपकिरी गाळ पडला. जुन्या टाकीतला गाळ इथेनॉल सोडवतं आणि जुनं रबर खातं. जुन्या गाड्यांचं काही रबर २०-३० हजार किलोमीटरनंतर बदलावं लागेल, हे मंत्रालयानंही मान्य केलंय. पाइप, फिल्टर आणि जेटची सफाई मिळून साडेचारशे रुपये झाले. सोमवारी सकाळी चोक ओढून दुसऱ्या सेल्फला गाडी सुरू झाली.

ज्यांची गाडी पावसाळाभर उभी असते, त्यांनी मात्र टाकीच्या झाकणाचं रबर बघा. तिथून पावसाचं पाणी आत गेलं तर इथेनॉल आणि पाणी टाकीच्या तळाला बसतं आणि पाइप तिथूनच ओढतो.

धुतलेलं पेट्रोल अजून कॅनमध्ये आहे. मामा ते टाकीत घालायचं म्हणत होते, मग गटारीत ओततो म्हणाले. दोन्ही नको. आज संध्याकाळी मी तो कॅन मेस्त्रींकडं नेऊन देतोय.