‘करंट उपचारानं ठोके कायमचे ठीक, गोळी बंद’: या मेसेजमधलं खरं किती?

गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज थोड्याफार फरकानं फिरतो. मजकूर साधारण असा: “हृदयाचे ठोके चुकतात? आता नवीन करंट उपचार आला. उष्णता नाही, चिरफाड नाही, भूल नाही, अर्ध्या तासात मोकळे. आजूबाजूला कुठेच इजा नाही. आजार मुळासकट बरा, रक्त पातळ करायची गोळी त्याच दिवशी बंद. ब्लॉकेजवरही चालतो.”

उपचार खोटा नाही. त्याचं नाव पल्स्ड फील्ड अ‍ॅब्लेशन, डॉक्टर मंडळी पीएफए म्हणतात. युरोपात २०२१ पासून आणि अमेरिकेत डिसेंबर २०२३ पासून त्याच्या यंत्रांना परवानगी आहे. पण ती मुख्यतः एका आजारासाठी: एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे एएफ. यात हृदयाचे वरचे कप्पे ताल सोडून नुसते थरथरतात आणि नाडी कशीही, कोणत्याही अंतरानं लागते.

“उष्णता नाही.” मेसेजमधली सगळ्यात खरी ओळ हीच. रानडुकरांसाठी धुऱ्यावर झटका मशीन लावतात, ते आठवा. तारेत हजारो व्होल्ट असतात, पण झटका क्षणापेक्षाही छोटा, म्हणून तार तापत नाही. पीएफएमध्येही सुमारे २००० व्होल्टपर्यंतचे झटके असतात, प्रत्येक झटका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात मोजावा इतका छोटा. (तारेला हात लावून ठोके सुधारत नाहीत, हेही सांगून ठेवतो, कोणीतरी विचारेलच.) या झटक्यांनी पेशीच्या आवरणाला बारीक छिद्रं पडतात. छिद्रं बुजली नाहीत तर पेशी मरते. हृदयाच्या स्नायूची पेशी यात लवकर हार मानते. शेजारची अन्ननलिका आणि नसा जास्त तग धरतात. जुन्या पद्धतीत याच जागी उष्णतेनं भाजतात किंवा अतिथंड करून गोठवतात, आणि उष्णतेला शेजारीपाजारी कळत नाही.

“कुठेच इजा नाही.” अर्धं खरं. १७,६४२ रुग्णांच्या एका मोठ्या नोंदीत अन्ननलिकेला भोक पडल्याची एकही घटना नव्हती, आणि जुन्या पद्धतीतली सर्वात भयंकर गुंतागुंत तीच होती. पण त्याच नोंदीत हृदयाभोवती रक्त साचून दाब येण्याचं प्रमाण ०.३६ टक्के आणि पक्षाघाताचं ०.१२ टक्के होतं. कारण सरळ आहे: मांडीतल्या शिरेतून नळी वर नेतात, हृदयाच्या मधल्या पडद्याला सुईनं भोक पाडून डाव्या कप्प्यात शिरतात. सुई-नळीची जोखीम करंट बदलल्यानं जात नाही. हृदयाच्या धमनीजवळ झटके दिले तर ती धमनी आवळते, म्हणून तिथं नायट्रोग्लिसरीन, म्हणजे धमनी सैल करणारं औषध, तयार ठेवतात.

मेसेज लिहिणाऱ्याला बहुधा माहीतच नसलेली गोष्ट लाल पेशींची. झटके रक्तातल्या लाल पेशीही फोडतात. जितके झटके जास्त, तितक्या पेशी जास्त फुटतात आणि त्यातलं हिमोग्लोबिन मूत्रपिंडात अडकतं. वरच्या नोंदीत पाच जणांना यामुळे डायलिसिस लागलं. म्हणून उपचारादरम्यान आणि नंतर सलाईन देतात. मे महिन्यात, ४५ अंशांत, नागपूरहून गडचिरोलीकडं बसनं परत जायचं असेल तर हे लक्षात ठेवा: लघवी काळ्या चहासारखी किंवा लालसर दिसली तर घरी पोचायची वाट पाहू नका, रुग्णालयात फोन करा. पाणी किती प्यायचं ते डिस्चार्जच्या वेळीच विचारून घ्या. हृदय कमजोर असलेल्यांना मनानं भरपूर पाणी पिणंही चालत नाही.

“भूल नाही, अर्ध्या तासात मोकळे.” झटक्यानं अंग उसळतं, खोकला येतो, आणि नळी जागची हलता कामा नये. त्यामुळे पूर्ण भूल किंवा गाढ झोपेचं औषध लागतंच. पीएफएची जुन्या पद्धतींशी तुलना करणाऱ्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅडव्हेंट चाचणीत पीएफएला सरासरी १०६ मिनिटं लागली. चिरफाड नाही हे खरं, पण जांघेतलं छिद्र रक्तवाहिनीचं असतं. त्यानंतर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहावं लागतं. साधारण आठवडाभर ओझं उचलायचं नाही, कापसाचं गाठोडं नाही, गाडीला किक मारायची नाही.

“मुळासकट बरा.” त्याच चाचणीत, अधूनमधून एएफ होणाऱ्या रुग्णांमध्ये, वर्षभरानंतर पीएफएचं यश ७३.३ टक्के आणि जुन्या पद्धतींचं ७१.३ टक्के होतं. म्हणजे चारात एकाला अडचण राहिलीच. का, ते समजून घ्या. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या डॉक्टरांनी दाखवलं की एएफच्या ठिणग्या बहुतेक वेळा फुप्फुसांतून डाव्या कप्प्यात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडतात. या चार शिरांभोवती कडं करून ठिणगी आत कोंडायची असते. झटके देणाऱ्या नळीला कॅथेटर म्हणतात; प्रचलित कॅथेटरपैकी एकात दर शिरेला किमान आठ वेळा झटके देतात: चार टोपलीच्या आकारात, चार फुलासारखं उघडून, मध्ये फिरवून. कॅथेटर भिंतीला नीट टेकलं नाही तर पेशी मरत नाहीत, नुसत्या बधिर होतात. टेबलावर विजेचा संदेश थांबलेला दिसतो, सगळे खूश. काही आठवड्यांनी पेशी जाग्या होतात आणि कड्यात फट पडते.

“गोळी त्याच दिवशी बंद.” या ओळीसाठीच हा प्रतिवाद लिहावा लागला. उपचारानंतर कप्प्याची आतली बाजू दुखावलेली असते, गुठळी होण्याचा धोका तेव्हाच वाढतो. म्हणून निदान दोन-तीन महिने गोळी चालूच राहते. पुढं चालू ठेवायची की नाही हे ठोके सुधारले की नाही यावर ठरत नाही. वय, रक्तदाब, शुगर, हृदयाचा कमजोरपणा, आधीचा पक्षाघात यावर ठरतं. पंचाहत्तरीपुढच्या आजोबांचे ठोके घड्याळासारखे पडत असले तरी गोळी बहुधा राहतेच. एएफ कळत नकळत परतही येतो.

त्यात आपल्याकडं आणखी एक मेख. खेड्यांत एएफ असलेल्या कितीतरी रुग्णांची हृदयाची झडप लहानपणीच्या संधिवाताच्या तापानं आक्रसलेली असते. ती बऱ्यापैकी आक्रसलेली असेल तर रक्त पातळ करायच्या नव्या गोळ्या नव्हे, जुन्या प्रकारची वॉरफेरिन किंवा अ‍ॅसिनोकुमारॉलच लागते, आयएनआर (रक्त किती पातळ झालं ते सांगणारा तपासणीचा आकडा) दोन ते तीनच्या दरम्यान ठेवून. २०२२ च्या इन्व्हिक्टस चाचणीत अशा रुग्णांत जुन्या प्रकारच्या गोळीवर मृत्यू कमी होते. “भाऊ, महिनाभर गोळी सोडली तर चालते का?” नाही चालत. पालक-मेथी खाऊ नका असंही नाही; रोज साधारण तेवढीच खा, म्हणजे आयएनआर वरखाली होत नाही. आणि पीएफएच्या यशाचे आकडे ज्या अ‍ॅडव्हेंट चाचणीतले, ती अशा झडपेच्या रुग्णांसाठी नव्हती.

“ब्लॉकेजवरही.” नाही. ब्लॉकेज धमनीत असतं, हा उपचार स्नायूवर होतो.

“ठोके चुकतात” हे निदान नव्हे. नाडी मंद असेल तर पेसमेकर लागू शकतो. एकदम सुरू होऊन एकदम थांबणाऱ्या बऱ्याच धडधडी जुन्या उष्णतेच्या अ‍ॅब्लेशननं उत्तम जातात. म्हणून धडधड सुरू असतानाच जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढून घ्या. तो कागद उष्णतेनं काळवंडतो, कालांतरानं पुसटतो; त्याच दिवशी झेरॉक्स काढा. नागपूरला किंवा सेवाग्रामला जाताना झेरॉक्स, इकोचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या न्या. फुले योजनेत कोणता कॅथेटर बसतो, वरचे पैसे किती, हे भरती होण्याआधी आरोग्यमित्राकडून लिहून घ्या.