अठरातले सात आणि ताईच्या मोबाइलवरचा मेसेज

काल रात्री साडेदहाला ताईचा फोन आला. "तू ज्या वर्गाला शिकवायचास तो नापासांचा कोंडवाडा आहे म्हणे." भाचीला अकरावीला किमान कौशल्यचा, म्हणजे एमसीव्हीसीचा (अकरावी-बारावीच्या व्यवसाय अभ्यासक्रमाचा) इलेक्ट्रिकल ट्रेड घ्यायचाय. तेवढं कळताच ताईच्या दिरांनी भावकीच्या ग्रुपवरचा मेसेज तिच्याकडे ढकलला. आठ दिवस तालुकाभर फिरतोय तो. मजकूर असा: तालुक्यातल्या कॉलेजात किमान कौशल्यचा निकाल ६१ टक्के, त्याच कॉलेजात सायन्सचा ९८, राज्यातही हीच शाखा तळाला, हे सर्टिफिकेट कुठे बारावी म्हणून चालत नाही, पुढचं शिक्षण बंद, आणि शेवटी ठळक अक्षरांत, "त्या वर्गात कोणाची पोरं बसतात ते एकदा बघून या. मुलींना तर घालूच नका."

मी अकरा वर्षं अशा वर्गाला निदेशक, म्हणजे ट्रेड शिकवणारा मास्तर होतो. तेव्हा माझं डोकं तापलंय हे आधीच सांगतो.

६१ टक्के खरे आहेत. जुन्या सहकाऱ्याला फोन लावून खात्री केली. बसले अठरा, पास झाले अकरा. इथे एक पोरगं घसरलं की निकाल साडेपाच टक्क्यांनी खाली येतो. सायन्सला अडीचशे बसत असतील तर पाच नापास होऊनही निकाल ९८ टक्केच लागतो. तेच पाच अठरांच्या वर्गात नापास झाले तर निकाल ७२. नापास तेवढेच, पण एका वर्गाची कॉलर ताठ आणि दुसऱ्याची आब्रू वेशीवर. सातपैकी पाच जण नुसत्या इंग्रजीत गेलेत, ट्रेडच्या पेपरात नाही. जुलैच्या पुरवणीत त्यातले चार निघाले तर आकडा ८३ होईल. तेव्हा मात्र कुणी मेसेज टाकणार नाही.

राज्यात तळाला? मंडळाने दिलेला फेब्रुवारी-मार्च २०२४चा शाखावार निकाल काढून बघा: विज्ञान ९७.८२, वाणिज्य ९२.१८, व्यवसाय अभ्यासक्रम ८७.७५, कला ८५.८८. तळाला कोण आहे ते दिसतंय. कला शाखेला नावं ठेवायची नाहीत मला, तिथेही आमच्यासारखीच पोरं जातात. पण ज्याने मेसेज लिहिला त्याने हा तक्ता उघडून पाहिलेला नाही. त्याच निकालात मुली ९५.४४ टक्के पास आणि मुलगे ९१.६०. आमच्या इलेक्ट्रिकलच्या वर्गात सगळी पोरंच असायची, कधीमधी एखादी मुलगी. निकालाला निकाल लावताना हेही धरायला नको का?

आता तो "कोणाची पोरं" वाला मुद्दा. ताईला रात्रभर झोप लागली नाही ती यानेच. बघून काय यायचं, मी अकरा वर्षं बघितलीत. पहाटे रतीब घालून थेट वर्गात येणारा, ज्याच्या शर्टाला दुधाचा वास असायचा. ऊसतोडीला आई-बाप गेले की धाकट्या भावंडांना जेवायला घालून दुसऱ्या तासाला उगवणारा. दहावीला एकदा गचकून पुन्हा बसलेले दोघे-तिघे दरवर्षी. घरात पहिल्यांदाच कुणी अकरावीत आलंय अशी निम्मी. "कोणाची" याचा अर्थ मेसेजवाल्याला काय अभिप्रेत आहे ते न कळायला आपण कुक्कुली बाळं नाही. हजेरीपटावरची आडनावं वाचून वर्गाची लायकी ठरवणारी जात आहे ही. आणि निकाल कमी का, याचं अर्धं उत्तर याच हजेरीत आहे: सायन्सला नव्वदवाले निवडून घेता, आमच्याकडे उरलेले पाठवता, आणि मग दोन्हींना एकच फूटपट्टी लावता.

मुलींचं म्हणाल तर शेवटच्या बॅचला एकच होती. जिन्याच्या दिव्याचं वायरिंग, खालून लावायचा आणि वरून बंद करायचा, सगळ्यांना शिकवलं. पोरं टू-वे स्विचमध्ये तारांचा गुंता करून बसली. हिने आधी वहीत आकृती काढली, टेस्ट लॅम्प लावून तपासलं आणि पहिल्याच झटक्यात दिवा लावला. वर, "सर, आमच्या घराला जिनाच नाहीये" म्हणाली.

बारावी म्हणून चालत नाही ही निव्वळ थाप. प्रमाणपत्र राज्य मंडळच देतं, पोलीस भरतीलाही बारावी म्हणून चालतं. पुढचं शिक्षण बंद, हीही थाप: तंत्र गटातून (इलेक्ट्रिकल त्यातच येतं) पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. वर्षाची अप्रेंटिसशिपही मिळते, २०१९च्या नियमांत त्याला महिना किमान ७,००० रुपये ठरले होते. हां, नीट-जेईईच्या वाटेला जायचं असेल तर सायन्सच घ्या, त्यात वाद नाही.

आणि एक कबूल करतो, दात-ओठ खाऊन. बऱ्याच ठिकाणी वर्कशॉप भंगारात काढायच्या लायकीचं झालंय. माझ्या वेळेला चार मोटरी होत्या, त्यातली एकच फिरायची. निवृत्त झालेल्याची जागा भरत नाहीत, मग घड्याळी तासांवर, म्हणजे तासागणिक पैसे देऊन आणलेल्या माणसावर काम भागवतात. मेसेजवाल्याने यावर लिहिलं असतं तर मी स्वतः तो पुढे पाठवला असता.

ताईला म्हटलं, निकालाचा आकडा सोड, उद्या भाचीला घेऊन त्या कॉलेजात जा. इलेक्ट्रिकलला पूर्णवेळ माणूस आहे का विचार. वर्कशॉप उघडायला लाव आणि बाकांवर धूळ किती आहे ते बोटाने बघ. आणि मोटर जळली की रिवाइंडिंगची तार कॉलेज आणतं का पोरं वर्गणी काढतात, हे मास्तरांना नको, तिथल्या शिपायाला विचार.