‘कुठलंही पातळ तेल चालतं’ हा ब्रेकचा सल्ला पुढे पाठवू नका

‘जुन्या गाडीचे ड्रम ब्रेक घरीच दुरुस्त करा, अर्धा तास, खर्च शून्य’ हा मेसेज बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपांवर फिरतोय. तो आता आमच्या खानापूरच्या मामांपर्यंत पोचलाय आणि ते विचारताहेत, ‘हे करू काय?’ त्यांची मारुती ८०० लवकरच चोर्ला घाट उतरून गोव्याला जाणार आहे. मामा, काम घरी जरूर करा, पण या मेसेजप्रमाणे अजिबात नको.

सगळ्यात घातक वाक्य आधी घेतो. ‘टाकीत ब्रेक ऑइल कमी झालं तर कुठलंही पातळ तेल घाला, तेल ते तेलच.’ नाही. ब्रेकमध्ये पडतं ते डॉट ३ किंवा डॉट ४, म्हणजे ग्लायकॉलवर आधारित द्रव. इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंगचं तेल, शिलाई मशीनचं तेल ही सगळी खनिज तेलं. ब्रेकमधले रबरी कप आणि सील ग्लायकॉलसाठी बनवलेले असतात, खनिज तेलात ते फुगतात. पेडल दाबलं की द्रव चाकांकडे ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक भोक असतं. पेडल सोडलं की दाबाखालचा द्रव त्यातून टाकीत परत जातो. कप फुगला की ते भोक झाकलं जातं, दाब सुटत नाही आणि शू (चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून दाबणारे ब्रेकचे भाग) ड्रमला घासत राहतात. ड्रम तापतो, चाकातले शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरमधला द्रव तापतो, त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही, म्हणून पेडल मऊ पडून खाली जातं. हे सगळं घडायला कणकुंबीच्या पुढचा उतार ही सगळ्यात वाईट जागा.

‘आम्ही घातलं, काही झालं नाही’ असं सांगणारे पहिल्या दिवसाचं सांगतात. रबर फुगायला वेळ लागतो.

कुणी आधीच तसं घातलं असेल तर टाकीतला थोडा द्रव काचेच्या बाटलीत घ्या, तेवढंच पाणी घाला आणि हलवा. ब्रेकचा द्रव पाण्यात मिसळतो, खनिज तेल वर तरंगतं. तरंगलं तर गाडी हलवू नका. नुसतं तेल बदलून भागत नाही. मास्टर सिलिंडरचं किट, चारही चाकांचे सील आणि रबरी होज बदलायचे, लोखंडी पाइप धुवायचे, मग नवा द्रव. पातळी का उतरली हेही बघा. लायनर (शूवरचा घासणारा थर) झिजले की ती थोडी उतरतेच, पण भराभर उतरत असेल तर कुठेतरी गळतंय. व्हील सिलिंडरचं रबरी टोपण मागे सरकवा. आत ओलं असेल तर कप गेलाय.

‘लायनरला तेल लागलं तर पेट्रोल टाकून पेटवा, नव्यासारखा होतो.’ आगीचा धोका तर उघडच आहे. पण लायनर सच्छिद्र असतो, तेल आत मुरलेलं असतं. वरचं जळतं, घाटात ड्रम तापला की आतलं परत बाहेर येतं. शिवाय त्या आगीने लायनर धरून ठेवणारं रेझिन आणि शूला चिकटवणारा गोंद, दोन्ही कमजोर होतात. चालत्या गाडीत लायनर सुटला तर तो ड्रममध्ये अडकून चाक जाम करतो. तेल लागलेला लायनर फेकायचाच, आणि तेल कुठून आलं ते शोधून मगच नवा बसवायचा. ॲम्बेसेडरमध्ये मागच्या ॲक्सलचं ऑइल सीलही गळतं. त्या गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो, त्यावरून ते ओळखता येतं.

‘ड्रम काढून धूळ हवेने उडवा.’ जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते डोळ्यांनी ओळखू येत नाही. ॲस्बेस्टॉसने कॅन्सर होतो यात आता कुणाचं दुमत नाही. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याच्या, म्हणजे ओशाच्या, १९१०.१००१ या नियमाचं परिशिष्ट एफ खास ब्रेक आणि क्लचच्या कामासाठी लिहिलंय. बंदिस्त शोषण यंत्रणेशिवाय दाबाची हवा वापरायला तो नियम मनाई करतो. आठवड्याला ब्रेकच्या पाच जोड्यांपर्यंतच काम करणाऱ्या छोट्या गॅरेजला तो ओल्या पद्धतीची मुभा देतो. आपल्याला तेवढंच पुरे: फवाऱ्याच्या बाटलीत साबणाचं पाणी, आधी सगळं भिजवायचं, मग ओल्या फडक्याने पुसायचं, फडकं ओलं असतानाच पिशवीत बांधून टाकायचं. कोरडा ब्रश नको, तोंडाने फुंकणं तर नकोच.

‘लायनर पॉलिश पेपरने घासा’ हा मेसेजमधला मुद्दा अर्धा खरा आहे, मान्य करतो. लायनर जाड आहे आणि फक्त काचेसारखा चकचकीत झालाय, तर ८० नंबरच्या पेपरने, ओला करून, हलक्या हाताने घासलेलं चालतं. रिव्हेटच्या डोक्यावर १ मिलीमीटरपेक्षा कमी उरला असेल तर घासून उपयोग नाही. ड्रमला आतून खोल खाचा असतील तर बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर कटिंग करून मिळतं, पण ड्रमवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेल्या कमाल व्यासाच्या आतच.

‘एकाच बाजूचे शू बदला, पैसे वाचतील.’ वाचतील, आणि ओल्या रस्त्यावर गाडी एका अंगाला ओढेल. एका ॲक्सलचे दोन्ही बाजूंचे शू एकदमच बदलायचे. मात्र खोलायची एका वेळी एकच बाजू, म्हणजे स्प्रिंग कुठली कुठे ते बघायला दुसरी बाजू जुळलेली राहते.

जॅकबद्दल मेसेजमध्ये एक शब्द नाही. मागचा ड्रम निघण्यासाठी हँडब्रेक सोडावा लागतो, तेव्हा गाडी पुढच्या चाकांना आडव्या लावलेल्या ठोकळ्यांच्या आणि घोडीच्या (जॅक स्टँडच्या) भरवशावरच उभी असते. मारुतीत निदान गिअर टाकून पुढची चाकं धरता येतात. ॲम्बेसेडरमध्ये मागचं चाक उचललं की गिअरचाही आधार गेला.

शेवटचा मुद्दा: ‘चाक घट्ट होईपर्यंत ॲडजस्टर आवळा.’ अर्धीच कृती लिहिलीय. ॲडजस्टर म्हणजे शू आणि ड्रममधलं अंतर जमवणारा भाग. तो हाताने आवळायचा असेल तर चाक अडेपर्यंत आवळायचा, पेडल दाबून शू मध्यावर आणायचे, आणि मग चाक मोकळं फिरून जेमतेम घासल्याचा आवाज येईपर्यंत मागे सोडायचा. ज्या गाड्यांत अंतर आपोआप जमतं, तिथे ड्रम बसवून पेडल काही वेळा जोरात दाबायचं. हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी. पेडल खाली जातं म्हणून आधीच केबल ताणली तर शू विश्रांतीच्या जागी परत येत नाहीत आणि आपोआप जमणारा ॲडजस्टर कामच करत नाही.