साडेदोन वाजतच नाहीत

जळगावचा मे महिना, दुपारची वेळ, कूलर नुसताच घरघरतोय आणि समोर दुसरीतलं पोरगं घड्याळ शिकायला बसलंय. असल्या प्रसंगी शिकवणाऱ्याला मी लांबूनच हात जोडतो. डोकं आधीच तापलेलं, त्यात प्रश्न येतो, "साडेतीन असतात, साडेचार असतात, मग साडेदोन का नाही वाजत?" काय सांगणार? एक नि अर्धा दीड, दोन नि अर्धा अडीच, साडे त्यापुढे. पाठ कर बाबा.

दीड-अडीच पाठ तरी होतात. छळतात ते पावणे. सव्वातीन, साडेतीन म्हणताना तीन होऊन गेलेले असतात. पावणेतीन म्हणताना ते अजून यायचे असतात. पोरगं 'तीन' ऐकतं आणि सरळ ३:४५ लिहून मोकळं होतं. त्याचं काय चुकलं? म्हणून माझं म्हणणं, 'तीनला पाव तास कमी' हे तोंडात बसेपर्यंत पावणे हा शब्द घरात काढूच नये. आणि दुपारी १२:४५ ला नुसतंच 'पाऊण वाजला' म्हणतात, हे तर महिनाभर लपवूनच ठेवावं.

पुठ्ठ्याचं घड्याळ करू नका. त्यात दोन्ही काटे आपापल्या मर्जीने फिरतात, म्हणून साडेतीनलाही तासकाटा तीनवरच ठाण मांडून बसतो. खऱ्या घड्याळात तो अर्ध्या तासात १५ अंश सरकून तीन-चारच्या मधोमध येतो, आणि ३:५५ ला तर जवळजवळ चारवरच. पुठ्ठ्यावर शिकलेलं पोरगं तिथे बेधडक ४:५५ सांगतं. त्यापेक्षा माळ्यावरचं जुनं भिंतीवरचं घड्याळ काढा, सेल काढून घ्या आणि मागची चकती फिरवा. दोन्ही काटे बरोबर चालतात. पहिले चार दिवस तर पुढची काच काढून आधी सेकंदकाटा, मग मिनिटकाटा हलकेच वर ओढून बाजूला ठेवा. काहींना मध्ये बारीक नट असतो, तो आधी सोडवा. एकट्या तासकाट्याकडे बघून एवढंच विचारायचं: तीन होऊन गेले, की व्हायचेत? मिनिटकाटा परत बसवाल तो पाचाचा पाढा पक्का झाल्यावरच.

आता किती वेळ गेला, ते. खान्देशात याला उदाहरण शोधावं लागत नाही. लाईट २:४५ ला गेली, ४:१० ला आली; किती वेळ घामाघूम झालो? पोरगं ४१० मधून २४५ वजा करतं आणि एक तास पासष्ट मिनिटं सांगतं. तासाकडून हातचा घेतला तर ६० मिळतात, १०० नाही, हे दहादा सांगूनही वजाबाकीची सवय मोडत नाही. म्हणून वजाबाकीच नको. आडवी रेघ मारा आणि उड्या मारा: २:४५ ते ३ पंधरा, ३ ते ४ साठ, पुढे दहा. झाली ८५, म्हणजे १ तास २५ मिनिटं.

मध्ये बारा आले की आणखी गंमत. ११:४० ला जेवायला बसलेली पंगत १:१५ ला उठली, तर पोरगं मोठ्यातून लहान वजा करून तिला १० तास २५ मिनिटं जेववतं. इथेही उड्याच: २०, ६० आणि १५, म्हणजे १ तास ३५ मिनिटं. भुसावळच्या रेल्वेवाल्यांच्या पोरांना हा त्रास कमी. त्यांच्या घरी तेरा वाजले तरी कोणी दचकत नाही.

सगळ्यात अवघड, उलटं मोजणं. भरीत ७:३० ला पानात पडायचंय. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजणं, सोलणं, बडगीत ठेचणं, फोडणी, सगळं मिळून पावणेदोन तास धरा. काड्या कधी पेटवायच्या? रेघेवर मागे एक तास, ६:३०. आणखी मागे ४५ मिनिटं. पोरगं बोटं मोजतं, डोळे मिटतं आणि एकदम ओरडतं, "पावणेसहा!"

अगदी बरोब्बर. मग वहीत लिहितं, ६:४५.