माझी पावती फाडा

गुडघ्यांच्या डॉक्टरांनी सायकल चालवा म्हणून सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात व्यायाम होता. मी मात्र सुरुवात नियमांपासून केली. स्वभावाला औषध नाही. मिक्सर आणला तरी आधी त्याच्याबरोबर आलेली पुस्तिका वाचून काढणारा घरात मी एकटाच आहे. सायकलबरोबर पुस्तिका येत नाही, म्हणून मी बाहेरून वाचन केलं आणि तिथेच घात झाला.

पहिल्याच दिवशी सिग्नल लाल झाला. मी पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे थांबलो, एक पाय पेडलवर आणि दुसरा पदपथाच्या कडेवर. मागच्या मोटारसायकलवाल्याने हॉर्न वाजवला, मी लाल दिव्याकडे बोट दाखवलं. त्याने आणखी मोठ्याने वाजवला. एवढ्यात चौकातल्या पोलिसाचं लक्ष गेलं.

"काका, तुम्ही जा की."

"लाल आहे."

"तुम्हाला काय करायचंय लालचं?"

या प्रश्नाने मी खचलो. समोरून येणाऱ्या गाड्या हात करून थांबवून त्याने मला एकट्याला चौक ओलांडून दिला. लहान मुलं आणि गुरं यांच्यासाठी करतात तसा. हेल्मेट, पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा, रिफ्लेक्टर आणि घंटी असा सगळा सरंजाम अंगावर घेऊन मी अपमानित होऊन पलीकडे पोचलो.

माझं दुःख समजून घ्यायचं तर सायकल ही कायद्याच्या लेखी कोण आहे ते बघावं लागेल. उत्तर सोपं आहे: वाहन. मराठीत उंदराला आणि मोरालाही वाहन म्हणतात, तेव्हा यात फार मोठा मान आहे असं नाही, पण आहे तो असा मिळालेला आहे. इंग्लंडमध्ये एकजण भन्नाट वेगाने सायकल हाकत होता. बेफाम गाडी हाकण्याविरुद्ध कायदा होता, पण तो घोडागाड्यांच्या काळातला. मग सायकल 'गाडी' आहे का? 1879 साली न्यायालयाने सांगितलं, आहे. पुढे 1888 च्या कायद्याने ते पक्कंच केलं. म्हणजे नीट बघा, सायकल सरळ चालत होती तोवर ती कोण हे कुणी विचारलंसुद्धा नाही. गुन्हा केला आणि गाडी ठरली. ब्रिटनमध्ये मोटारींची वेगमर्यादा सायकलला आजही लागू नाही. मात्र बेफाम हाकून कुणाला इजा केलीत तर 1861 चा कायदा काढत आलेत आणि त्यात दोन वर्षांपर्यंत आत पाठवायची सोय आहे. आजच्या घडणीची सायकल जन्मायच्या आधीच तिच्या शिक्षेची सोय झाली होती.

हे मी घरात वाचून दाखवलं. बायको म्हणाली, "तुमचा वेग बघता तुम्हाला 1861 पर्यंत मागे जायला जमेल."

रस्ता वाहतुकीचा 1968 चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, व्हिएन्नातला. तो तर माझ्या सायकलकडे बघूनच लिहिलाय असा मला संशय आहे. सायकलस्वाराने निदान एक हात हँडलवर ठेवावा आणि दुसऱ्या वाहनाला धरून स्वतःला ओढवून घेऊ नये, असं त्यात आहे. (शाळेच्या वयात ट्रकच्या मागच्या साखळीला लोंबकळत चढ चढलेल्या माणसाने हे वाचू नये. मी वाचलं.) ब्रेक नीट हवा आणि लांबून ऐकू येईल अशी घंटी हवी. शिवाय घंटीखेरीज दुसरं कुठलंही वाजणारं साधन सायकलवर नको. सायकलचं घंटी सोडून सगळं वाजतं हा विनोद आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो. हा दुहेरी गुन्हा आहे, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तर असा हा सगळा अभ्यास, आणि चौकातला माणूस म्हणतो, तुम्हाला काय करायचंय लालचं.

त्यात भाच्याचा फोन आला. तो जर्मनीत असतो. आवाज पडलेला. "मामा, मला दंड झाला." सायकल चालवताना फोन हातात धरला होता, 55 युरो. पोलिसाने बाजूला घेतलं, ओळखपत्र मागितलं, नाव लिहून घेतलं. मला गहिवरूनच आलं. आमच्या घराण्यात सायकलवर दंड झालेला पहिला माणूस! मी त्याच्याकडून सगळे दर लिहून घेतले. दोन्ही हात सोडले तर 5 युरो, घंटी नसेल तर 15, दिवा बंद असेल तर 20, लाल सिग्नल तोडला तर 60 आणि वर सरकारी नोंदीत एक गुण. दोष केल्यावर गुण देणारा देश म्हणजे काय प्रगती असेल!

"म्हणजे दिवा आणि घंटी नसताना हात सोडून लाल सिग्नल तोडला, तर बरोबर शंभर," मी म्हणालो.

"मामा, बेरीज नसते करायची."

जपानचंही तसंच. 1 एप्रिल 2026 पासून तिथे सोळा वर्षं पुरी झालेल्या सायकलस्वाराला मोटारवाल्यासारखी दंडाची चिठ्ठी मिळते. छत्री धरून चालवलीत तर 5,000 येन, फोन हातात धरलात तर 12,000. "छत्री परवडते," बायको म्हणाली. अमेरिकेत आयडाहो राज्याने तर 1982 मध्येच सायकलवाल्यांना सांगून टाकलं, की 'थांबा'च्या पाटीपाशी पूर्ण थांबू नका, वेग कमी करा, कुणी येत नसेल तर जा. हीसुद्धा सूटच, पण कायदा करून दिलेली. "जा की काका" आणि हे यात फरक आहे.

आता मुख्य घटनेकडे. सायकलवरून उतरून ती हातात धरून चाललं की माणूस पादचारी धरला जातो. वर बसला की वाहन. पण एक पाय पेडलवर ठेवून दुसऱ्याने जमीन ढकलत, लंगडीसारखं, जे आपण सगळेच करतो, तेव्हा काय? उजवा पाय पादचारी आणि डावा वाहन? या प्रश्नात गुंतून मी त्या सकाळी तसाच ढकलत ढकलत एका एकेरी रस्त्यात उलट्या बाजूने शिरलो. ढकलता ढकलता कधी वर बसलो ते कळलं नाही. रस्ता संपता संपता एका तरुण पोलिसाने हात आडवा केला.

"थांबा."

मला! तीन मोटारसायकलवाले आधीच रांगेत उभे होते. चौथा मी. हेल्मेट काढून केस सारखे केले.

हातातल्या यंत्रावर बोट ठेवून त्याने विचारलं, "गाडीचा नंबर?"

"सायकलला नसतो."

"लायसन?"

"सायकलला लागत नाही. मोटारीचं आहे, देऊ?"

"मोटार कुठंय?"

"घरी."

"मग त्याचा इथं काय संबंध?"

मी म्हणालो, संबंध असतो. जर्मनीत पिऊन सायकल चालवली तर मोटारीचं लायसनसुद्धा जाऊ शकतं. त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्ही प्यायलात का, काका?"

यंत्र नंबर टाकल्याशिवाय पुढे सरकेना. मी सुचवलं, सांगाड्यावर नंबर कोरलेला असतो, पेडलच्या आसाखाली. दोघांनी मिळून सायकल उलटी केली. मी किल्लीने चिखल खरवडला. आकडे दिसायला लागले, पण शेवटचा 6 की 9 ते ठरेना, कारण सायकल उलटी होती आणि आम्ही दोन बाजूंना बसलो होतो. त्याला 6 दिसत होता. मला 9. शेवटी त्याच्या मताचा आकडा टाकला, कारण कायदा त्याच्या बाजूला होता. यंत्राने 'असे वाहन अस्तित्वात नाही' अशा अर्थाचं काहीतरी दाखवून टुंग केलं.

"जाऊ द्या काका," तो म्हणाला. "उतरून चालत न्या. आणि मागच्या चाकात हवा कमी आहे."

मी पुन्हा पादचारी झालो. शेजारच्या मोटारसायकलवाल्याची पावती तेवढ्यात सरसर करत यंत्रातून बाहेर आली. त्याने ती ओढून घेतली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "नशीब काढलंत काका, सुटलात!"

मग त्याने ती पावती चुरगळली आणि खिशात कोंबली. करकरीत होती. वर गाडीचा नंबर, तारीख, वेळ, सगळं स्वच्छ छापलेलं.